बांधावरची बोर

बोरीला काटे जोडीने येतात. पानाच्या देठाशी एक सरळ आणि टोकदार, त्याच्या शेजारी दुसरा आखूड, मागे वळलेला. सरळ काटा टोचतो, वाकडा धरून ठेवतो. परवा दोरीवर वाळत घातलेली ओढणी वाऱ्याने उडून परसातल्या बोरीवर जाऊन पडली, तेव्हा दोघांमधली ही कामाची वाटणी पुन्हा नीट बघायला मिळाली. ओढणी खेचली की फाटते. सोडवायची तर आधी झाडाकडेच थोडी ढकलावी लागते, मग ती आकड्यातून सुटते. शेरडांमागे हिंडलेल्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मला सासूबाईंनी सांगितलं. "हिसकू नगंस. आत ढकल, मग वर उचल." त्या ओट्यावर बसून शेंगा निवडत होत्या, माझ्याकडे मान वळवूनही बघितलं नाही.

बोर आमच्याकडे शोभेसाठी कुणी लावत नाही. आमचं घर बारामतीच्या कडेला, जिथे प्लॉट संपतात आणि उसाचे फड सुरू होतात तिथे. गल्लीतल्या बंगल्यांपुढे अरेका पाम, क्रोटन, सरळ वर गेलेला अशोक, एक-दोन ठिकाणी लॉन. त्या लॉनला एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी लागतं, पण हिरवं दिसतं खरं. आमच्या परसात बोर आहे, कुंपणाला लागून करवंदीची जाळी आहे, फालशाची झुडपं आहेत, कोपऱ्यात गोंदणी आहे आणि पाण्याच्या टाकीमागे कुणीच न लावलेली, पाखराच्या विष्ठेतून आलेली पांढरफळी आहे. शेजारच्या काकूंनी एकदा भिंतीवरून वाकून काळजीने सांगितलं, "अगं, काटेरी झाड घराला चांगलं नसतं म्हणतात. वास्तूत बसत नाही." त्यांच्या गॅलरीत कुंड्यांमधून ओळीने निवडुंग मांडलेले आहेत, हे मी तेव्हा बोलले नाही. विकत आणलेला काटा बहुधा वास्तूत बसत असावा.

सासूबाईंचं माहेर इंदापूर तालुक्यातल्या माळावरचं आणि सासर कालव्याच्या पट्ट्यातलं. या एका वाक्यात आमच्याकडे बाईचं अर्धं चरित्र येतं. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांचे असेच दोन भाग पडलेले आहेत. नीरा नदीच्या बाजूचा बागायती पट्टा आणि वरचा जिरायती. पाऊस सगळीकडे सारखाच, म्हणजे सारखाच कमी, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि आमच्याकडे नुसती सावली पोचते. फरक पडला तो १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने. १८७६ ते ७८ चा दुष्काळ पाहिलेल्या मुलखातून पाणी वाहायला लागलं, मग ऊस आला, गुऱ्हाळं आली, पुढे कारखाने आले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, वालचंदनगर ही नावं आमच्याकडे गावांची कमी आणि गाळपाची जास्त. इंदापूरच्या दुसऱ्या अंगाला भीमेवर उजनीचं धरण झालं, १९८० च्या सुमाराला तेही पाणी भरलं. मुलगी द्यायची ती पाण्याच्या गावात, असा माळावरच्या सगळ्या बापांचा हट्ट असे. सासूबाईंना पाण्याच्या गावात दिलं. त्या अजून सांगतात की लग्नानंतर पहिल्या पौषात त्यांनी विचारलं होतं, इथं बोरं कुठं मिळतात? तर घरातली माणसं हसली होती. ऊस खायचा सोडून बोरं?

आणि तरी बोर बागायतीतही होती. बांधावर होती.

बांध म्हणजे दोन शेतांमधली दोन-तीन हात रुंदीची पट्टी. ती नांगरायची नसते. त्यामुळे माणसाने न लावलेलं सगळं तिच्यावर येत असे. बोर, बाभूळ, हिवर, कडुनिंब, तरवड, रुई. खाली पवन्या गवत, त्यात दबून बसलेला एखादा ससा. बोरीचं लाकूड चिवट, कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि औताच्या बारीकसारीक कामाला चालणारं. पाला शेळ्यांना. वाळलेल्या फांद्यांची बोराटी कुंपणाला, म्हणजे गुरं आत शिरू नयेत म्हणून वाटेत आडवी लावायला. आणि फळं जाणाऱ्या-येणाऱ्याला. बांधावरच्या बोरीचं फळ कुणाचं, हा प्रश्न मी कधी ऐकलेला नाही. जमिनीवरून भाऊबंदकीत डोकी फुटली, कोर्टात तारखांवर तारखा पडल्या, पण त्याच बांधावरच्या बोरी दोन्हीकडची पोरं झोडपत आणि दोन्हीकडच्या बाया पदरात भरून नेत. उसाच्या कांड्याला मालक असतो, बोराला नसतो, असा साधा हिशेब होता.

मग बांध कोरले जाऊ लागले. हा शब्द आमच्याकडचा रोजचा आहे. दर नांगरटीला बांधाची वीतभर माती आपल्या शेतात ओढायची, म्हणजे बांध कोरायचा. पूर्वी बैलाच्या नांगराने कोरत, त्याला वेळ लागे आणि लाजही वाटे. ट्रॅक्टरला दोन्हीची गरज नसते. शिवाय वाटण्या झाल्या, पाच एकराचे दोन-दोन आणि एक-एक झाले, तुकडा जेवढा लहान तेवढा बांध डोळ्यांत खुपू लागला. बोरीची सावली पिकावर पडते, मुळ्या ओल ओढतात, पाखरं बसतात. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आज कालव्याच्या पट्ट्यात कितीतरी ठिकाणी दोन शेतांच्या मधे फक्त दगड दिसतो, मोजणीवाल्यांनी रोवलेला. त्याच्यावर बसायलाही जागा नाही.

'ज्या गावच्या बोरी, त्याच गावच्या बाभळी' असं आपण सहज म्हणतो. मला काय सांगतोस, तुझं सगळं मला माहीत आहे, असा त्यातला रोख. पण ही म्हण गृहीत धरते की गावात दोन्ही असणारच. इंदापूर तालुक्यात बाभुळगाव आहे, निमगाव केतकी आहे, वडापुरी आहे, पळसदेव आहे. आणि बोरी नावाचंही गाव आहे. ते आज कशासाठी ओळखलं जातं? द्राक्षांसाठी. काळी, लांबट, परदेशी जाणारी द्राक्षं. यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. बोरीच्या शेतकऱ्याने बोरं का पिकवावीत? द्राक्षाने मुलांची शिक्षणं केली, घरं बांधली. नाव मात्र राहून गेलं, एवढंच.

खरं तर एका काळात बोरीलाही असं मोठं होण्याची संधी मिळाली होती. १९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली आणि दुष्काळी तालुक्यांत सरकारी अनुदानावर बोरीच्या बागा उभ्या राहिल्या. उमराण, कडाका अशी कलमी बोरं. माळावर रांगेने खड्डे, त्यात रोपं, उन्हाळ्यात छाटणी, पावसाळ्याच्या शेवटी फुलोरा, थंडीत फळ. काही वर्षं बरी गेली. मग बाजारात भाव पडले, फळमाशी आली. ही माशी कोवळ्या बोरात अंडी घालते, अळी गर खात आत बसते आणि बाहेरून बोर धडधाकट दिसतं. चावल्यावर कळतं. मग दाळिंबाला भाव आला आणि बोरीच्या बागा काढून दाळिंब लागलं. दाळिंबावर तेल्या आला. आता त्याच मुरमाड जमिनीवर सिमेंटचे खांब दिसतात, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर गोल चकती आणि तिच्यावरून लोंबणारे निवडुंगाचे हिरवे हात, म्हणजे ड्रॅगन फ्रूट. माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, २००९ साली स्थापन झालेली. दुष्काळ, उष्णता, क्षार, उथळ खडकाळ जमीन अशा संकटांत पीक कसं तगवावं यावर तिथे काम चालतं. ड्रॅगन फ्रूटवरही चालतं. अमेरिका खंडातून आलेलं काटेरी झाड आमच्या माळावर लागलं, त्याला ठिबक मिळालं, अनुदान मिळालं, गुलाबी रंग मिळाला. बोरीचे काटे मात्र जुने पडले.

सोडून दिलेल्या त्या बोरबागांपैकी एक मी पाहिली आहे. झाडं रांगेत आहेत म्हणूनच ती बाग होती असं कळतं. कलम करताना गावठी बोरीच्या खुंटावर सुधारित जातीचा डोळा भरतात. खालचं मूळ गावठी, वरचं फळ शहाणं. जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर खोडाला एक गाठ असते, तोच हा सांधा. त्या बागेत बऱ्याच झाडांची गाठीच्या वरची बाजू वाळून पांढरी पडली होती, कुणी छाटली नाही, पाणी दिलं नाही, काळजी घेतली नाही म्हणून. आणि गाठीच्या खालून गावठी फुटवा आला होता. काटेरी, अस्ताव्यस्त, दाट, आणि हिवाळ्याच्या त्या दिवसांत बारीक लालसर बोरांनी लगडलेला. एक तोंडात टाकलं. आंबट, मग तुरट, मग बरंच उशिरा गोड. गर पातळ, आठळी मोठी. बाजारात याला कुणी पाव किलोलाही विचारणार नाही. पण मुळाला पाणी कुणी घातलं नव्हतं आणि फळ आलं होतं. मी ओढणीच्या टोकाला बांधून मूठभर घरी आणली. आमच्या परसातली बोर त्यातलीच एक.

रोपवाटिकेत विचारलं होतं आधी. चालवणारे दादा बिचारे मनापासून समजावत होते. "ताई, ॲपल बोर न्या ना. पहिल्याच वर्षी फळ. काटा जवळजवळ नाही. गावठी कोण ठेवतं? आम्ही ठेवतो ती फक्त डोळा भरायला." म्हणजे गावठी बोर रोपवाटिकेत होतीच, शेकड्यांनी होती. फक्त विकायला नव्हती. ती पायाला होती.

बी लावणं अगदी सोपं आहे, थोडं ठोकाठोकीचं. आठळी वाळवून पाट्यावर ठेवायची आणि वरवंट्याने बेताने ठोकायची. जोर जास्त झाला तर आतलं बी चेचतं, कमी झाला तर आठळी उडून ओट्याखाली जाते. कवच तडकलं की आत दोन कप्पे दिसतात, कधी दोन्ही भरलेले, कधी एक पोकळ. बी चपटं, तपकिरी, तेल लावल्यासारखं चकचकीत. असं सोललेलं बी आठवडा-दहा दिवसांत उगवतं. न फोडता लावलं तर महिनाभर वाट बघायला लावतं, कधी उगवतच नाही. पिशवीत लावू नये. बोरीचं सोटमूळ सरळ खाली जायला घाई करतं. कोंब बोटभर असतो तोवर मूळ पिशवीच्या तळाशी जाऊन गुंडाळी करून बसतं, आणि एकदा वळलेलं मूळ पुढे सरळ जात नाही. जिथे झाड हवं तिथेच बी टाकावं. मुरूम असला तरी चालतो, कालव्याच्या काठची खारवलेली चोपण असली तरी बोर तग धरते.

पुढचं काम माझ्यासारखीला सर्वांत अवघड. काही न करण्याचं. पाण्याच्या गावात राहून आपल्याला झाडावर माया करायची म्हणजे पाणी घालायचं एवढंच ठाऊक असतं. सकाळी पाइप हातात घेतला की जीव शांत होतो. बोरीला एकदा मूळ लागल्यावर याची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये ती पानं गाळते, काटक्या उरतात, पाहुणे विचारतात की वाळली का. सासूबाई म्हणतात, "वाळली न्हाय, निजलीया." पहिला वळीव पडला की हिरवी होते. पानं वरून गुळगुळीत, खालून पांढरट लव असलेली. वाऱ्यात सगळं झाड एका बाजूला वळलं की क्षणभर राखाडी दिसतं. श्रावण-भाद्रपदात बारीक हिरवट-पिवळी फुलं येतात आणि त्यांचा वास, स्पष्टच सांगायचं तर, घाण असतो. माश्यांना तो फार आवडतो. जे कवी बोरीवर लिहीत नाहीत त्यांना मी त्यासाठी दोष देत नाही.

करवंदीचं सगळं उलट. फूल पांढरं, जाईसारखं, संध्याकाळी परसात वास दरवळतो. ती खरं म्हणजे आमच्या मुलखातली नव्हे, घाटाकडची. पण आमच्याकडच्या धनगरांना ती चांगली ठाऊक असते. बारामती-फलटणकडची मेंढरं दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या आधी माघारी येतात. परतीची वाट घाटातून, आणि ऐन करवंदाच्या दिवसांत. वाड्यातली पोरं ओठ काळे करून येत. करवंद चावायचं आणि आत बघायचं. लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हा जुगार मी पुण्यात शिकायला असताना शनिपाराजवळ पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन खेळले आहे, आणि आता माझी भाची आमच्या परसात खेळते. तिला मी देठाचा चीक आधी पुसायला सांगते, नाही तर ओठ चिकटतात. ती ऐकत नाही.

फालसा कुणाला फारसा माहीत नसतो. बाजारात दिसत नाही म्हणून. आणि तो बाजारात दिसत नाही याचं कारण त्याचा स्वभाव. त्याची फळं एकदम पिकत नाहीत. आज या फांदीवर चार, उद्या त्या फांदीवर सहा. हिरवं, मग तांबूस, मग जांभळं, आणि जांभळं झाल्यावर एक-दोन दिवसांत मऊ पडून खराब. पेटीत भरून पाठवावं असं यात काही नाही. थंडीत गुडघ्या-मांडीएवढा ठेवून छाटायचा, कारण फळ नव्या फुटीवरच येतं. उन्हाळ्यात रोज सकाळी वाटी घेऊन जायचं आणि वाटीचा तळ झाकेल इतकंच घेऊन यायचं. आमच्या घरात त्याचं सरबत एकदाच झालं, तेही तीन दिवसांची फळं फ्रिजमध्ये साठवून. बाकीची झाडाखालीच उभ्या उभ्या संपतात. अर्थात जी बुलबुलांनी ठेवली ती. लालबुड्या बुलबुलांची जोडी आमच्याआधी उठते, आणि पिकलेलं कोणतं हे तिला आमच्यापेक्षा नेमकं कळतं. जाळी टाका, असं सगळे सांगतात. पांढरफळी आमच्या परसात बुलबुलांनीच आणली असणार, त्यामुळे जाळी टाकायला हात धजत नाही.

बी वाहून नेणाऱ्यांतलं याहून मोठं गिऱ्हाईक माळावर भेटतं. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला गवताळ माळ आहे. चिंकारा, लांडगा, खोकड अजून तिथे आहेत. बारामतीच्या बाजूला सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं, पाच चौरस किलोमीटरच्या जरा वर, म्हणजे अभयारण्य म्हणून अगदीच चिमुकलं. बाहेरच्याला हा माळ ओसाड वाटतो. सरकारी कागदांतही बरीच वर्षं तो पडीकच होता, आणि पडीक म्हटलं की झाडं लावून हिरवा करायची घाई होते. पण चणी बोरीची झुडपं त्या गवतात आधीच आहेत, कमरेएवढी, जमिनीलगत पसरलेली. पोरं त्यांना चन्यामन्या बोरं म्हणतात. थंडीच्या दिवसांत तिथल्या पायवाटेवर, नेमकी उंचवट्याच्या दगडावर, खोकडाची विष्ठा दिसते. वाळलेली, काळपट, आणि काडीने उकलली की निम्म्याहून जास्त बोराच्या आठळ्या. स्वच्छ, गर सुटलेल्या, शाबूत. उंदीर, टोळ आणि बोरं, असं त्याचं हिवाळ्यातलं जेवण. बोरीला मालक नसला तरी माळी आहे तो असा. आपल्या म्हणींत कोल्हा द्राक्षांखाली उभा राहून आंबट आंबट करतो, काकडीला राजी होतो. त्याचा हा धाकटा भाऊबंद बोरं खातो आणि पेरतो, त्याच्यावर कुणी म्हण केली नाही.

संक्रांतीला मात्र सगळ्यांना बोर आठवते. सुगडात ऊस, गाजर, हरभऱ्याचे घाटे, ओंबी आणि बोरं. बोराशिवाय सुगड पुरं होत नाही. रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं चालतात. पाटावर बाळ बसवायचं, अंगावर हलव्याचे दागिने, काळं झबलं, आणि डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे ओतायचे. शेजारची पोरं गोळा करायला तुटून पडतात. गेल्या खेपेला गल्लीतल्या एका बोरन्हाणाला बाजारातून ॲपल बोरं आणली होती. हिरवीगार, लिंबाएवढी. ती बाळाच्या डोक्यावर ओतायची म्हटल्यावर सगळ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. टेंगूळ येईल ना. शेवटी एकीने सुरी आणून बोरं चिरली आणि फोडी ओतल्या. पोरांनी त्या गोळा केल्या नाहीत, बोटं चिकट होतात म्हणून. मग मी घरी येऊन आमच्या झाडाखाली पडलेली वेचून सुपातून नेली. बाळाला काही फरक पडला नाही, ते हलवा चाटत होतं. म्हाताऱ्या बायांनी मात्र हळूच एकेक बोर तोंडात टाकलं आणि गालात धरून बसल्या. गावठी बोर असं बराच वेळ गालात ठेवायचं असतं, गर संपल्यावरही.

माझी बोर आता कुंपणाच्या भिंतीवर रेलली आहे. अर्धी परसात, अर्धी गल्लीवर. शाळा सुटली की खाली पोरं जमतात आणि दगड मारतात. दगड कधी पत्र्यावर पडतो, एकदा टाकीच्या झाकणाला तडा गेला. घरात चर्चा झाली की बाहेरच्या फांद्या छाटाव्यात. सासूबाई म्हणाल्या, "छाटा की. मंग आतल्या बोरांसाठी भितीवरनं उड्या मारतील." मला त्यात दुसरंच दिसत होतं. भिंत ही आमची आणि गल्लीची हद्द. बांध गेला तशी हद्द गेली नाही, ती विटांची झाली, तिच्यावर काचा लागल्या. आणि बोर हे हद्दीवरचंच झाड. परसाच्या मधोमध, आळं करून, चारी बाजूंनी आपल्या मालकीचं करून लावलं तर ते जगेल, पण त्याला काही अर्थ उरणार नाही, असं माझं मत झालं आहे. फांद्या छाटल्या नाहीत. टाकीला नवं झाकण आणलं. पोरांना सांगितलं, दगड नको, आकडी घेऊन हलवा. आकडी म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून एका लांब वेळूला विळ्याचं जुनं पातं बांधून ती भिंतीला टेकवून ठेवली आहे. दोनदा चोरीला गेली. तिसरीला अजून कुणी हात लावलेला नाही.

घराभोवती गुंठा-अर्धा गुंठा मोकळा असेल तर लावा. कलमी नको, गावठी लावा. पौष-माघात बाजारात कोपऱ्यावर गोणपाट टाकून एखादी आजी मापाने बारीक, लाल, सुरकुतलेली बोरं विकत असते, तिच्याकडून घ्या आणि भाव करू नका. खाऊन आठळ्या राखेत घोळून ठेवा. मृगाच्या आधी फोडून बी कुंपणाच्या कडेला टाका, पाण्याच्या पाइपलाइनपासून लांब. पहिली दोन-तीन वर्षं शेळी आवरा, नंतर तिला थोडा पाला द्या. फळ धरायला उशीर लागतो आणि निम्म्या बोरांत अळी असते. फोडून बघून खा.